संगणकांतील ऑर्गन आणि आमची पायपेटी

गेल्या नाताळच्या उपासनेंत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें लहानसा कीबोर्ड व लॅपटॉप आणून गीतांस ऑर्गनची साथ केली. साथ उत्तम झाली. परंतु उपासना संपल्यावर मंडळींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं, "कोपऱ्यांत खरी पायपेटी असतां हें खोटें वाद्य देवाच्या घरांत कशाला?" असा प्रश्न केला, आणि त्या मुलाचें तोंड उतरलें. प्रश्न त्याला केलेला असला, तरी त्याचें उत्तर देणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे असें समजून हे चार शब्द लिहीत आहों.

त्या लॅपटॉपमध्यें ज्याची नक्कल होती तो ऑर्गन अमेरिकेंतील लॉरेन्स हॅमंड या इंजिनिअरानें १९३५ सालीं बाजारांत आणिला. त्याच्या पोटांत ९१ दंतुर चकत्या मोटारीनें अखंड फिरत. चकतीचे दाते लोहचुंबकापुढून जाऊं लागले, कीं शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत सूक्ष्म वीज खेळे, आणि तिचाच पुढें कर्ण्यांतून सूर होई. पट्ट्यांच्या वर नऊ-नऊ दांड्यांचे संच असत. जो दांडा जितका बाहेर ओढावा, तितका त्याचा उपस्वर मूळ स्वरांत मिसळे. ज्या चर्चांस नळ्यांचा प्रचंड ऑर्गन परवडत नसे, त्यांनीं हें यंत्र हौसेनें घेतलें.

म्हणजे ज्यास आज आपण मूळ वाद्य म्हणतों तेंच प्रथम नक्कल म्हणून जन्मास आलें! तेथील सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननें, नळ्यांच्या ऑर्गनचे सर्व सूर यांतून निघतात या कंपनीच्या जाहिरातीस हरकत घेतली. चौकशीच्या वेळीं शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्यें, कोणतें वाद्य वाजत आहे हें न सांगतां दोन्ही वाजवून दाखविण्यांत आलीं, तेव्हां ऐकणारांचे अंदाज सुमारें एक-तृतीयांश वेळां चुकले. तरीसुद्धां १९३८ सालीं कंपनीस आपले कांहीं दावे मागें घ्यावे लागले. याहून गंमत पुढेंच आहे. पट्टी दाबतांच या ऑर्गनमधून बारीकसा 'टक्' असा आवाज निघे. हॅमंडच्या दृष्टीनें तो दोष होता, व तो घालविण्याची खटपटहि झाली. पुढें जॅझ वाजविणारांस नेमका तोच आवडला, आणि आजचे सॉफ्टवेअर करणारे तो 'टक्' मोठ्या काळजीनें हिशेब करून परत घालितात! चकत्यांचे ऑर्गन करणें १९७५ च्या सुमारास थांबलें. त्यांतील नामांकित बी-३ हें धूड जवळजवळ दोनशे किलो वजनाचें; तें सोलापुरास आणणार कोण, आणि ठेवणार कोठें? 'सेट-बी-फ्री' नांवाचें सॉफ्टवेअर मात्र कोणासहि विनामूल्य मिळतें. गरीब घरच्या मुलास नऊ दांड्यांचें रहस्य शिकावयाचें असेल तर त्यास 'खोटें' म्हणून अडविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

आणि पायपेटी तरी आपल्या मातींत कधीं उगवली होती? हार्मोनियमचें पेटंट पॅरिसच्या दबें यांनीं १८४२ त घेतलें. मराठी रंगभूमीनें ऑर्गनला आपलेंसें केलें, बालगंधर्वांच्या पदांशीं त्याचा सूर कायमचा जोडला गेला. तरी रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदीच होती, कारण मींड व श्रुति तिच्यांत नाहींत असा आक्षेप होता. रेव्ह. टिळकांचीं भजनें टाळमृदंगावर म्हणणाऱ्या जुन्या मंडळीस पेटीहि परकीच वाटली असेल. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगी क्लॅव्हिओलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनीं वाजविली. ती ऐकून डोलणारांनीं पुंगी खरी कीं खोटी हें विचारलें नाहीं.

आमचा विरोध आहे तो निराळ्याच गोष्टीस. हल्लीं कांहीं ठिकाणीं बटण दाबून आधींच भरून ठेवलेली साथ सोडून देतात. आमच्या मंडळींतील म्हाताऱ्या बाया प्रत्येक ओळीचा शेवट लांबवितात. कोणाचा दम पुरत नाहीं, कोणास पुढील कडवें चटकन् आठवत नाहीं. वाजविणारा माणूस हें ऐकतो व थांबतो. भरून ठेवलेली साथ थांबत नाहीं. ती पुढें जाते, आणि दुसऱ्या कडव्यापासून मंडळी गप्प बसून नुसती ऐकूं लागते. हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. नाताळच्या दिवशीं त्या मुलाची नजर सारखी बायांच्या बांकांकडे होती, आणि शेवटचें गीत सर्वांनीं मिळून म्हटलें. ज्यांनीं त्यास बोल लाविला त्यांनींहि म्हटलें!

पायपेटीचा कैवार घेणाऱ्यांस मात्र एक विचारावेंसें वाटतें. आपण तिचें झांकण शेवटचें कधीं उघडलें? तिचा भाता फाटला आहे, दोन पट्ट्या दाबल्या कीं वर येत नाहींत, आणि येथील उन्हाळ्यानें लांकूड तडकलें आहे. वाजविण्यास कोणी शिकत नाहीं. आम्हीं शिकविलेंहि नाहीं, हा दोष आमच्या पदरीं घ्यावयास हवा. वीज गेली कीं लॅपटॉपचा कीबोर्ड मुका होतो, त्या वेळीं हीच पेटी उपयोगी पडणार आहे.

म्हणून आमची सूचना अशी. मेच्या सुट्टीपूर्वीं भाता नवा बसवावा, व नंतर त्याच माजी विद्यार्थ्यानें पेटीच्या एकूण एक पट्टीचा सूर, हळू व जोरानें, ध्वनिमुद्रित करून घ्यावा. म्हणजे पुढें संगणकांत वाजेल तो सूर शिकागोचा नसून आमच्याच कोपऱ्यांतील असेल. दहावीचीं दोन मुलें भात्यावर पाय मारावयास तयार आहेत. शिपायानें त्या दिवशीं पंखे बंद ठेवावे, आणि कबुतरांचा कांहीं बंदोबस्त करावा.