दर रविवारची उपासना आणि दर आठवड्याची दया

२०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने जुबिली वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर अतिवृष्टीचे संकट कोसळले. उभे सोयाबीन पाण्यात कुजले, जनावरे वाहून गेली आणि कित्येक ठिकाणी पिकांसह शेतातील मातीही खरडून गेली. ७ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबर रोजी, पोप लिओ चौदावे यांचे ‘दिलेक्सी ते’ हे पहिले प्रेषितीय बोधपत्र रोममध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता गरिबांवरील प्रीती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आपल्या अखेरच्या महिन्यांत त्याची तयारी आरंभिली होती आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी ते पूर्णत्वास नेले.

शासनाची घोषणा आणि पोप महोदयांचे पत्र यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि मराठवाड्यातील कॅथलिक भाविकापुढे त्यांनी एकच प्रश्न ठेवला. आपली उपासना दर आठवड्याला होते. आपली दया मात्र पूर आला, दुष्काळ पडला किंवा नाताळ जवळ आला म्हणजेच का जागी होते? पडेगावसारख्या वस्तीत राहणाऱ्या भाविकाने या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

पडेगाव हे छावणीच्या पश्चिमेस, दौलताबाद आणि वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले. एके काळचे हे गाव आज छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या हद्दीत आहे. शहराच्या कडेला असलेल्या वस्तीच्या वाट्याला जे येते ते पडेगावच्याही वाट्याला आले. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी आपल्या गावातील कचरा डेपो बंद पाडला आणि सारे शहर कचऱ्याखाली गुदमरले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी पडेगावशेजारच्या मिटमिटा येथे कचरा टाकण्यावरून दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. पुढे कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी जी ठिकाणे निश्चित झाली, त्यांत चिकलठाणा, हर्सूल व कांचनवाडी यांच्यासह पडेगावचेही नाव होते. २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेने रस्तारुंदीकरणासाठी पाडापाडीची मोठी मोहीम राबविली, तीत पडेगाव-मिटमिटा रस्ताही होता. अशा परिसरात दयाकृत्यांची संधी शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

दयाकृत्ये म्हणजे काय, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. भुकेल्यांस अन्न, तहानलेल्यांस पाणी, उघड्यांस वस्त्र, परक्यास आसरा, आजाऱ्यांची भेट, बंदिवानांची भेट आणि मृतांस मूठमाती ही सात शारीरिक दयाकृत्ये होत. त्यांपैकी पहिली सहा संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून आली आहेत. सातवे तोबीतच्या ग्रंथाच्या आधारे परंपरेने त्यांस जोडले गेले. यांच्या जोडीला अज्ञानी जनांस शिकविणे, दुःखितांचे सांत्वन करणे, अपराध्यांस क्षमा करणे अशी सात आध्यात्मिक दयाकृत्येही आहेत. परंतु पाठ केलेली यादी आणि रविवारची मिस्सा यांचे नाते काय, हे मात्र आपल्याला क्वचितच सांगितले जाते.

हे नाते ख्रिस्तसभेइतकेच जुने आहे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला सूचना केली की, यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीतून काही बाजूला काढून ठेवावे. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे आपला रविवार. त्याच मंडळीला त्याने कठोर शब्दांत फटकारलेही होते, कारण प्रभूच्या भोजनासाठी एकत्र येऊनही काहीजण पोटभर जेवत आणि काहीजण उपाशी राहत. पुढे इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिनने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिताना ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन केले. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारसाचे अर्पण आणि सहभागिता हा क्रम आजच्या मिस्सासारखाच आहे. त्या वर्णनात आणखीही एक गोष्ट आहे. ज्यांना शक्य असेल ते स्वेच्छेने दान देत, ते दान उपासनेच्या प्रमुखापाशी ठेवले जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांचा सांभाळ होई.

म्हणजे मिस्सामध्ये फिरणारी दानार्पणाची थैली ही मुळात वीजबिलासाठी किंवा रंगरंगोटीसाठी जन्मास आलेली नाही. मंदिराची निगा राखणे आवश्यकच आहे, त्याविषयी दुमत नाही. तरीही वेदीकडे नेल्या जाणाऱ्या त्या दानात गरिबाचा वाटा असणे, हे उपासनेचेच अंग होते. संत जॉन क्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकात आपल्या श्रोत्यांना बजावले होते की, मंदिरात ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवून बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नये. पोप लिओ यांनी ‘दिलेक्सी ते’मध्ये त्यांच्या या शिकवणुकीचे स्मरण करून दिले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात देवशब्दाची घोषणा, संस्कारांचे विधी आणि प्रीतीची सेवा ही ख्रिस्तसभेची तीन अविभाज्य कर्तव्ये म्हणून सांगितली होती. यांपैकी एक गळाले तर उरलेली दोनही अपुरी पडतात.

आपल्या धर्मप्रांताचा वारसाही हेच सांगतो. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १७ डिसेंबर १९७७ रोजी झाली आणि बिशप डॉमिनिक आब्रेओ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. परंतु येथील श्रद्धेची मुळे त्याहून जुनी आहेत. घोगरगाव ही फ्रान्सलियन मिशनरी फादर गुरियन जाकिए यांची कर्मभूमी. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या आश्रयाखाली १८३८ मध्ये फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे धर्मगुरू मराठवाड्याच्या खेड्यांत आले आणि आजही आपले कॅथेड्रल त्याच संताचे नाव धारण करते. या संताने १६१० मध्ये संत जेन दे शांताल यांच्यासह धर्मभगिनींचा जो संघ स्थापिला, त्याचा मूळ संकल्प प्रार्थनेबरोबर गरिबांच्या व आजाऱ्यांच्या घरी भेटी देण्याचा होता. म्हणूनच त्याला मरियेच्या अलिशिबाभेटीचे नाव मिळाले. घरभेट ही आपल्या आश्रयदात्या संताच्या आध्यात्मिकतेच्या गाभ्याशी आहे.

आता पडेगावच्या वास्तवाकडे वळू. या शहराची तहान पैठणचे नाथसागर भागविते. पण जलाशय भरला तरी नळ भरतो असे नाही, हा येथील नागरिकांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला, आणि मधल्या काळात शहराच्या अनेक भागांत नळाला आठवड्यातून एकदा, तर कधी त्याहूनही उशिरा पाणी येत राहिले. जेथे पाणी साप्ताहिक झाले, तेथे उपासनेपुढेही एक पेच उभा राहतो. नळाची पाळी आणि मिस्साची वेळ एकच आली, तर घरातील आईने काय करावे? बहुधा तीच मागे राहते.

शब्बाथ दिवशी बैलाला सोडून पाण्यावर नेणाऱ्या माणसाचे उदाहरण प्रभू येशूने स्वतः दिले आहे. त्यामुळे तिच्या अनुपस्थितीला दोष देण्याचे कारण नाही. गंभीर कारण असेल तर रविवारच्या बंधनातून सूट मिळते, हे कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. परंतु शेजारच्या कॅथलिक कुटुंबाने तिचे पिंप भरून ठेवले आणि तिला मिस्साला पाठविले, तर तहानलेल्यास पाणी देण्याचे दयाकृत्य आणि साप्ताहिक उपासना एकाच सकाळी पूर्ण होतात. दया साप्ताहिक होणे म्हणजे नेमके हेच. त्यासाठी ना समिती लागते, ना निधी.

कामगारांचा प्रश्नही असाच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १८९० च्या जून महिन्यात. आपण रविवारी उपासनेस मोकळे असतो यामागे एका सत्यशोधक नेत्याचे श्रम आहेत, याचे कृतज्ञ स्मरण असावे. आज वाळूजच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्याची, रुग्णालयातील परिचारिकेची, पहारेकऱ्याची आणि सफाई कामगाराची सुट्टी रविवारीच येईल असे नाही. आदल्या सायंकाळच्या मिस्साला उपस्थित राहिल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी तरतूद धर्मनियमांत आहे. ज्याची सुट्टी हिरावली गेली त्याच्यासाठी उपासनेची वेळ शोधणे, हेही दयाकृत्यच म्हणावे लागेल.

मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा या नात्याची खरी परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. त्या काळात मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर आली. पण भुकेल्याला अन्न पडद्यावरून देता येत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, जालन्याहून पायी निघालेले १६ परप्रांतीय मजूर थकून रेल्वेरुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे चित्र देशाने पाहिले. त्यांच्या शिदोरीत अन्न होते, नव्हता तो आसरा. परक्याला घरात घेणे हे दयाकृत्य किती तातडीचे असू शकते, हे या घटनेइतके दुसऱ्या कशानेही आपल्याला शिकविलेले नाही.

येथे एक आक्षेप साहजिक आहे. मराठवाड्यातील कॅथलिक समाज स्वतःच गरीब आहे. कोणी शेतमजूर, कोणी कंत्राटी कामगार, कोणी कर्जात बुडालेला अल्पभूधारक. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतील २६९ एकट्या बीड जिल्ह्यातील होते. अशा प्रदेशात कोणी कोणाला द्यावे?

या आक्षेपाला शुभवर्तमानातील विधवेने दोन नाण्यांनी उत्तर दिले आहे. आपल्याच देशातील एक दाखलाही आहे. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन भगिनी १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ ख्रिस्तसेवेसाठी वेगळा काढीत आल्या आहेत. श्रीमंतीची वाट न पाहता, रोजच्या मुठीवर त्या गरीब समाजाने आपल्या मंडळीचे मोठे कार्य उभे केले. अधूनमधून दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा नियमित मूठ अधिक टिकते. शिवाय दयेचे सारेच प्रकार पैशाने होत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले, पण अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते यांच्या गुंत्यात एखादी विधवा अडकून पडते. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणाने मिस्सानंतर अर्धा तास बसून तिचा अर्ज भरून दिला, तर त्याने अज्ञानी जनांस शिकविण्याचे आध्यात्मिक दयाकृत्य केले. घाटी रुग्णालयात सबंध मराठवाड्यातून रुग्ण येतात, हर्सूलला मध्यवर्ती कारागृह आहे. या दोन्ही ठिकाणी भेटीची वाट पाहणारे कोणी ना कोणी असतेच. कारागृहाच्या भेटीला परवानगी लागते, हे खरे. पण बंदिवानाच्या घरी मागे राहिलेल्या मुलांची विचारपूस करायला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन गोष्टींचे भान मात्र राखावे. पहिली, दया ही विनाअट असावी. पडेगावात आपले शेजारी बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत, हिंदू आहेत. मदतीला धर्माची अट घालणे किंवा मदतीच्या बदल्यात कशाची अपेक्षा ठेवणे, हे पोप बेनेडिक्ट यांनी त्याच विश्वपत्रात स्पष्टपणे अमान्य केले आहे. आजच्या संशयाच्या वातावरणात ही शिकवण काटेकोरपणे पाळणे, हे आपल्या श्रद्धेच्या आणि शेजारधर्माच्या दोन्ही दृष्टींनी आवश्यक आहे. दुसरी गोष्ट, दान घेणाऱ्याची प्रतिष्ठा. ब्लँकेट देताना छायाचित्र काढणे ही आता रीतच होऊन बसली आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची आज्ञा कॅमेऱ्यालाही लागू आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये दयेच्या जुबिली वर्षाची सांगता करताना जागतिक गरीब दिनाची घोषणा केली आणि २०१७ पासून सामान्यकाळातील तेहतिसाव्या रविवारी तो पाळला जातो. वर्षातून एक दिवस असा असणे चांगलेच. परंतु त्या दिवसाचे सार्थक उरलेल्या एकावन्न रविवारांनी व्हायचे आहे. दर रविवारच्या सूचनांमध्ये आठवड्यातील आजारी, शोकाकुल आणि अडचणीतील कुटुंबांसाठी एक वाक्य असावे. दानार्पणातील एक ठरावीक वाटा गरिबांसाठी बाजूला निघावा व त्याचा हिशेब सर्वांसमोर यावा. प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने आठवड्याला किमान एक घर गाठावे. धर्मग्रामाच्या आवाक्याबाहेरचे यात काहीही नाही.

‘मिस्सा’ हा शब्दच मुळी लॅटिनमधील निरोपाच्या उद्गारातून आला आहे. उपासना संपताच आपल्याला पाठविले जाते. प्रिय भाविकहो, येत्या रविवारी धर्मगुरू आपल्याला शांतीने निरोप देतील, तेव्हा घरी परतण्यापूर्वी एका दारावर थांबावे. ज्या प्रभूला आपण वेदीवर स्वीकारले, तो त्या दाराआड पाण्याच्या रिकाम्या पिंपापाशी किंवा आजाऱ्याच्या खाटेवर आपली वाट पाहत असेल. त्याला ओळखण्याची कृपा परमेश्वर आपल्या सर्वांना देवो.