रापणीचा वाटा

मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जायची, तेव्हा अर्धा गाव दोरांना लागलेला असे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढून आणायची. त्यात बांगडे, तारली, पेडवे येत. ज्याने हात लावला त्याला वाटा मिळे, मग तो रापणकर असो वा वाटसरू. गाबीत मच्छीमारांच्या वस्तीतल्या चुली त्यावर पेटत. अशा रापणी आज कमी झाल्या आहेत आणि तरुण पोरे मिळेल ती दुसरी कामे धरत आहेत.

मासा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण भोवती वेढा घालून तळ आवळणारी पर्ससीन जाळी त्याचे थवेच्या थवे आधीच उचलतात. 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याने पारंपरिक मच्छीमाराला संरक्षण दिले, फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली. तरीही रात्री समुद्रात ते दिवे दिसतात, हे संतापजनक आहे. गस्तीनौका वाढवा. बंदरात उतरणारा मासा कोणत्या जाळ्याचा, ते तिथेच तपासा. परवाना नसलेल्या नौकेला डिझेल मिळता कामा नये, आणि हे येत्या हंगामाआधी व्हायला हवे.