मधले रिकामे तास

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाचा वॉर्डातला बराचसा दिवस काहीही न करता जातो. ज्युली बर्नहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलबर्नच्या पाच स्ट्रोक युनिटांमधल्या ५८ रुग्णांवर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात पाळत ठेवली. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण खाटेवर पडून होते. गुंतागुंत टाळायला आणि सुधारणेला उपयोगी पडेल अशी हालचाल जेमतेम १३ टक्के वेळात झाली, आणि ६० टक्के वेळ त्यांच्याजवळ कोणीही नव्हते. फिजिओथेरपीचे सत्र संपले की रुग्णाला परत खाटेवर आणून ठेवायचे, हा बहुतेक रुग्णालयांचा शिरस्ता आहे. मेंदूची डागडुजी मात्र सत्राच्या वेळापत्रकाने चालत नाही.

या रिकाम्या तासांवरचा उपाय म्हणून ‘समृद्ध वातावरण’ ही कल्पना पुढे आली, ती उंदरांच्या पिंजऱ्यातून. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४७ मध्ये नोंदवले, की घरात मोकळे वाढलेले उंदीर पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा कोडी लवकर सोडवतात. १९६०च्या दशकात बर्कलीमध्ये मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि सहकाऱ्यांनी सोबती आणि बदलती खेळणी असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल अधिक जाड झाल्याचे दाखवले. पक्षाघाताशी याची सांगड स्वीडनमधल्या लुंड येथे बार्ब्रो योहान्सन यांनी घातली. मेंदूची धमनी बंद केलेले उंदीर अशा पिंजऱ्यात ठेवल्यावर तोल सांभाळण्यात सरस ठरले. पंधरा दिवस उशिरा हलवले तरीही फायदा दिसला. मेंदूतला मृत भाग मात्र लहान झाला नव्हता. म्हणजे सुधारणा गेलेल्या पेशी परत आल्याने झालेली नसून उरलेल्या पेशींनी नवे जोड बांधल्याने झालेली असावी.

या प्रयोगांत एक मेख आहे. प्रयोगशाळेतला नेहमीचा पिंजरा इतका उजाड असतो की त्याच्या तुलनेत ‘समृद्ध’ ठरलेला पिंजरा उंदराच्या स्वाभाविक जगण्याच्या जरासा जवळ जातो, इतकेच. वॉर्डाचेही तेच आहे. घरी माणूस चहा करतो, दार उघडतो, शेजाऱ्याशी वाद घालतो. खाटेवर त्याच्यासमोर फक्त छत असते. तेव्हा इथे काही जादा देण्याचा प्रश्न नाही, काढून घेतलेले परत करण्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल येथे हायडी यान्सन यांनी ते करून पाहिले. पुस्तके, खेळ, इंटरनेट जोडलेला संगणक, एकत्र जेवायची जागा आणि प्रत्येकाच्या खाटेजवळ त्याच्या आवडीच्या वस्तू, एवढाच सरंजाम. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ रुग्णांच्या या अभ्यासात असे रुग्ण कोणत्या ना कोणत्या कामात गुंतलेले आढळण्याची शक्यता नेहमीच्या वॉर्डातल्या रुग्णांच्या १.२ पट होती. क्वीन्सलंडमध्ये इंग्रिड रोझबर्गेन यांच्या २०१७च्या अभ्यासात, तेही झटक्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात, रुग्ण दिवसाचा ७१ टक्के वेळ सक्रिय होते. नेहमीच्या वॉर्डात हे प्रमाण ५८ टक्के होते. हेलसिंकीत टेपो सार्कामो यांनी रोज तासभर आवडीचे संगीत ऐकवलेल्या रुग्णांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि एकाग्रता दोन्ही इतरांपेक्षा अधिक सुधारल्याचे २००८ मध्ये दाखवले. खर्चाच्या मानाने हा निष्कर्ष फारच दुर्लक्षित राहिला.

तरी उतावीळ होण्यात अर्थ नाही. वॉर्डातले हे अभ्यास छोटे आहेत. त्यांतून हालचाल वाढल्याचे दिसते. त्यामुळे अपंगत्व कायमचे कमी होते, हे सिद्ध झालेले नाही. जास्त म्हणजे चांगले हेही खरे नव्हे. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आत सुरू करून वारंवार उठवले-चालवलेल्या गटाचे निकाल २०१५ मध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा वाईट निघाले.

भारतात चित्र वेगळे आहे. इथे खाटेशेजारी नातेवाईक असतोच, त्यामुळे एकटेपणाचा मेलबर्नचा आकडा जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण तोच नातेवाईक घास भरवतो, केस विंचरतो, पेला ओठांना लावतो. मायेपोटी रुग्णाच्या हातून एकेक काम काढून घेतले जाते. १४ भारतीय रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत नातेवाइकांना घरच्या व्यायामाचे प्रशिक्षण दिले गेले. २०१७चा निकाल असा, की सहा महिन्यांनी काहीच फरक पडला नाही. नातेवाईक थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. वॉर्डातल्या रिकाम्या तासांत तो काय करू शकेल, हे मात्र त्या चाचणीने तपासलेच नव्हते.

करायच्या गोष्टी साध्या आहेत: कॅरम, वर्तमानपत्र, भजनाची किंवा नाट्यसंगीताची ध्वनिफीत, रुग्णालयाच्या गाऊनऐवजी स्वतःचे कपडे, जेवायला एक सामाईक टेबल. वाचा गेलेल्या रुग्णासाठी चित्रांची पाटी हवी, आणि लवकर थकणाऱ्याला मधून निवांत झोपही. टेबलावर बसवण्याआधी प्रत्येकाची गिळण्याची तपासणी झालेली असली पाहिजे. ठसका लागून अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि अशा रुग्णाला शेजारच्याच्या ताटातली भाकरी देऊन चालत नाही.