दुसरा नंबर
शेजारच्या चिरंजीवांना व्हायोलिनच्या कुठल्याशा स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाल्यामुळे त्या घरात या आठवड्यात जे सुतक पाळले गेले, ते पाहून मला १९३५ सालचे वॉर्सा आठवले. म्हणजे वाचलेले, कारण इतका म्हातारा मी नाही, हे माझे जुने वाचक जाणतातच. व्हिएन्यावस्की या पोलिश वादकाच्या जन्मशताब्दीनिमित्त तेथे भरलेल्या पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, रशियात आधीच लौकिक संपादन केलेला २६ वर्षांचा दाविद ओइस्त्राख रुजू झाला असता, पंचांनी प्रथम पारितोषिक मुक्रर केले ते जिनेट नव्ह या अवघ्या १५ वर्षांच्या फ्रेंच मुलीला! दुसऱ्या आलेल्या ओइस्त्राखने बायकोला धाडलेल्या पत्रात तिची असामान्य प्रतिभा मोकळ्या मनाने कबूल केली, आणि १९३७ साली ब्रुसेल्सला तो स्वतः पहिला आला. बिचारी नव्ह १९४९ मध्ये, तिशीतच, विमान अपघातात गेली. स्पर्धेचा खरा लाभ समवयस्कांचे वादन कानी पडण्यात असतो, सबब सोळा वर्षांखालील मुलांना क्रमांक देण्याची चाल सरकारी फर्मान काढून बंद करावी, असे माझे स्वच्छ मत आहे. काल सायंकाळी चिरंजीव पुन्हा गजाला राळ घासत बसले होते; डाव्या जबड्याखाली वाद्याच्या दाबाने उठलेला तांबूस वण (मांडी घालून वाद्याचे टोक पावलावर टेकविणाऱ्या आपल्या वादकांना हे भूषण दुर्लभ) ते ऐटीत मिरवतात, आणि तिसऱ्या बोटाचा स्वर अद्याप किंचित चढाच लागतो.