टॉनिकच्या बाटलीआधी एक प्रश्न

‘मी उदास आहे’ असं म्हणत माझ्या मेडिकलमध्ये आजवर कुणी आलेलं नाही. तासगाव भागातली माणसं तशी बोलत नाहीत. ‘अंगात जीव नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘जेवण जात नाही’, ‘पहाटे तीनलाच जाग येते’ असं म्हणतात आणि ताकदीची बाटली, पित्ताची गोळी नाहीतर बी-बाराची स्ट्रिप घेऊन जातात. धंदा म्हणून माझी काहीच तक्रार नाही, टॉनिकवर मार्जिन बरं सुटतं. पण तीच बाई तिसऱ्यांदा तीच बाटली न्यायला आली की मी तिला डॉक्टरांकडे पाठवते.

थकवा म्हणजे नैराश्यच असं नाही. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉईड असेल, साखर असेल. ते आधी तपासलंच पाहिजे. खरी गडबड पुढे होते. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, ‘बघ, काही झालेलं नाही तुला.’ दोन दिवसांनी तेच घर म्हणतं, ‘नाटकं आहेत.’ माझ्या मते नॉर्मल रिपोर्ट हातात आला की चौकशी संपत नाही, तिथून सुरू व्हायला हवी.

चौकशी तरी काय करायची? ‘दुःखी आहेस का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. त्यापेक्षा या माणसाचं आवडीचं काय सुटलंय ते बघा. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्याकडचा द्राक्षवाला घरी सापडत नाही. तो दिवसभर खाटेवर पडून असेल आणि मजुरांचा फोनही उचलत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थांबा. भजनाला कधी न चुकणारे आजोबा ‘गुडघे दुखतात’ म्हणून बसून राहतात, बाळंतीण बाळाकडे बघून नुसती रडते आणि घरात नजर उतरवण्याची तयारी चालते. पुरुषांचं तर आणखी अवघड. ते रडत नाहीत, खेकसतात, संध्याकाळची दारू दुपारवर आणतात, आणि घर त्यांना फक्त घाबरतं.

डॉक्टरांचा ढोबळ हिशोब दोन आठवड्यांचा असतो. मन बसलेलं किंवा कशातच रस नाही, हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ. त्यात झोप-भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, ‘माझा सगळ्यांना भार झालाय’ असं वाटणं, कामं अडणं. एवढं दिसलं की दाखवायचं. मरणाची भाषा आली तर मात्र एक दिवसही मोजू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात येत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

झोपेच्या गोळीबद्दल माझ्याशी रोज कुणीतरी भांडतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठी लागते आणि वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते. लोकांना तो माझा खवटपणा वाटतो. त्या गोळीनं रात्र निभते, आजार तसाच राहतो, वर सवय लागते. नैराश्याच्या गोळ्यांची गोष्ट उलटी. त्यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळलं की अर्धी स्ट्रिप परत येते, ‘काही फरक नाही.’ दुसरे, बरं वाटल्याबरोबर बंद करणारे. बरं वाटल्यावरही त्या बहुधा सहा महिने किंवा जास्त चालू ठेवायच्या असतात आणि डॉक्टर सांगतील तशाच उतरवायच्या. (या गोळ्या नेणारे कागदात गुंडाळून मागतात. कुटुंबनियोजनाची साधनंसुद्धा आता कुणी एवढी लपवत नाही.)

गोळीशिवायही वाट आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं. सहा-आठ भेटींत, सुटलेली कामं आणि भेटीगाठी थोड्या थोड्या परत सुरू करायला लावायचं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा जास्त फायदा झाला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. तेव्हा आशाताईंना फॉर्म भरण्यातून जरा मोकळं करून हे काम शिकवायला काय हरकत आहे?

तोवर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. तिथं मराठीत बोलता येतं. औषध दुकानदारांच्या संघटना बंदची हाक एका दिवसात गावोगाव पोचवतात. तेवढ्याच वेळात हा नंबर प्रत्येक काउंटरवर लागू शकतो. ‘उधार मागू नये’च्या पाटीशेजारी जागा असतेच.