पहिला घाणा



दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या इमारतीत आलात, तर मराठी घर कुठल्या मजल्यावर आहे हे विचारावे लागणार नाही. भाजणीचा वासच सांगेल. आमच्याकडे चकलीचा पहिला घाणा डब्यात जात नाही. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक झाली तर कमी पडले. ते पाहायचे, पीठ सुधारायचे आणि मग पुढचे घाणे काढायचे. सॉफ्टवेअरमध्ये यालाच प्रोटोटाइप म्हणतात. वीस वर्षे या धंद्यात काढूनही मला हे उशिराच कळले, म्हणून यंदा माझीच फजिती सांगतो.

इथल्या एका कंपनीसाठी आम्ही गोदामाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर करत होतो. मी दोह्यात, पाच प्रोग्रॅमर पुण्यात. आम्ही नमुन्याचे चार स्क्रीन करून मालकांना दाखवले. मागे डेटाबेस नव्हता, आकडे हाताने भरलेले. मालक खूश! सगळे तयारच दिसते, तर पुढच्या महिन्यात सुरू करा, म्हणाले. मी 'हो' म्हणालो. पहिला घाणा मीच डब्यात भरला.

काम लांबले तशी मी आणखी तीन माणसे घेतली. आमची मुख्य प्रोग्रॅमर, सांगलीची मुलगी, दिवसभर त्यांना शिकवत बसायची आणि स्वतःचे काम रात्री करायची. उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीरही वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० च्या अनुभवावरून १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. पाच माणसांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, आठांत २८. त्यात आपली सुट्टी शुक्रवार-शनिवार, पुण्याची शनिवार-रविवार. म्हणजे दोघांच्या कामाचे दिवस आठवड्यातून चारच.

माहितीपुस्तिका शेवटच्या दोन दिवसांत उरकली. साठ पाने, सगळी इंग्रजीत.

गोदाम सांभाळणारे केरळचे गृहस्थ, सगळे त्यांना इक्का म्हणतात. दुसऱ्याच आठवड्यात साठ्यात मोठी तूट दिसली. ठपका इक्कांवर आला, पगार अडवण्याची भाषा सुरू झाली. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. गिऱ्हाइकाने परत आणलेला माल ते 'रिटर्न' या बटणाखाली भरत होते. आमच्या लेखी 'रिटर्न' म्हणजे पुरवठादाराला परत पाठवलेला माल. माल गोदामात येत होता आणि आमचे सॉफ्टवेअर तो वजा करत होते. खुलासा होता, पण ४१व्या पानावर, एका ओळीत.

इक्कांनी रोजची नोंद स्वतःच्या वहीत मल्याळममध्ये ठेवली होती. त्या वहीवरून सगळा साठा जुळला. चूक माझी आहे, असे मी मालकांना लेखी कळवले. इक्कांना पूर्ण पगार मिळाला. नमुना दाखवताना मी त्यांना एकदाही बोलावले नव्हते, हे मात्र अजून खुपते.

मग एका बटणाची दोन केली. सहा पानांची सचित्र पुस्तिका इक्कांच्या वहीवरून लिहिली आणि नव्याने लागलेल्या एका नेपाळी मुलाला ती देऊन आम्ही गप्प बसलो. तो जिथे अडला, ते पान बदलले. पुण्यात १९८८ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झाली, १९९१ साली परम ८००० उभा राहिला. प्रोग्रॅमरना तो वापरता यावा म्हणून 'पारस' ही सॉफ्टवेअर प्रणालीही त्यांनी केली. यंत्र नुसते चालून भागत नाही, माणसाला ते चालवता आले पाहिजे.

मुलांनो, तुम्ही शाळेत आता ॲप बनवता. पहिला नमुना मित्रांना दाखवा, पण जो रोज वापरणार आहे त्याला आधी दाखवा. आणि तो कच्चा आहे, हे तोंडाने सांगा.

यंदा आमच्या चकलीचा पहिला घाणा इक्कांनी चाखला. मीठ कमी आहे, म्हणाले. कमीच होते.

दिवाळीच्या शुभेच्छा!