हात आमचे, नाव कोणाचे?

आंबेडकरी समाज हा पुस्तकांवर प्रेम करणारा समाज आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेला आमचा माणूस परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतो. एरवी पोटाला चिमटा घेऊन जगणारा मजूरही तेथे ग्रंथ घेताना हात आखडत नाही. परंतु आमच्या घरांतील आणि विहारांतील कपाटे उघडून पाहिली तर एका प्रकारचे पुस्तक तेथे सहसा सापडत नाही. ते म्हणजे हस्तकलेचे सचित्र पुस्तक. टोपली, चप्पल, मडके, कशिदा, विणकाम यांची रंगीत छायाचित्रे असलेली जाडजूड पुस्तके म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मांडून ठेवायची वस्तू, असे आम्ही धरून चाललो आहोत. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

निमित्त घडले ते असे. मंगरूळपीर येथील एका विहाराच्या वाचनालयात एका विद्यार्थ्याने असेच एक पुस्तक आणले. 'टेक्सटाइल्स ऑफ द बंजारा' हे त्याचे नाव. शार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉफलिन यांचे हे पुस्तक २०१६ मध्ये लंडनच्या थेम्स अँड हडसन या प्रकाशनाने काढले. आमचा तालुका तांड्यांचा. बंजारा समाजाची काशी समजली जाणारी पोहरादेवी शेजारच्या मानोरा तालुक्यात. त्यामुळे आपल्याच भागातल्या ओढण्या, कांचळ्या, कवड्या आणि आरसे लावलेल्या पिशव्या थेट लंडनच्या पुस्तकात शिरल्या म्हटल्यावर मेजाभोवती गर्दी झाली.

तेवढ्यात चळवळीतले एक जुने कार्यकर्ते पुढे आले आणि म्हणाले, "भाऊ, बाबासाहेबायच्या शब्दावर आपण हे सारं सोडलं, अन् आता त्याचेच फोटू पाहून राह्यले काय?" सगळे गप्प झाले. त्यानंतर नातवाला घ्यायला आलेल्या तांड्यातील एका याडीने पुस्तक पुढे ओढले, एका जुन्या कशिद्याच्या चित्रावर बोट ठेवले आणि विचारले, "हे कोन शिवलं? त्या बाईचं नाव काय?" विद्यार्थ्याने चित्राखालचा मजकूर वाचून पाहिला. तेथे नाव नव्हते.

हे दोन्ही प्रश्न आम्हाला मोलाचे वाटतात. पहिल्याला उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही.

जुन्या कार्यकर्त्याचा संताप खरा आहे. हस्तकलेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना गावगाड्यातील बलुतेदारी मोठी रम्य वाटते. कुंभाराचे चाक, चांभाराची आरी, बुरडाची टोपली, मांगाचा दोर यांची चित्रे काढून ती भिंतीवर टांगली की त्यांना भारतीय संस्कृतीचा साक्षात्कार होतो. परंतु कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर कोणी ठेवले, दोर वळणाऱ्याच्या सावलीचा विटाळ कोणी मानला, याबद्दल त्या चित्राखाली एक ओळही नसते. जात ही केवळ कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच एकाखाली एक लावलेली उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये सिद्ध केले. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध त्यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. गावकीची कामे सोडा, शहरात जा, शिका, हा त्यांचा आदेश होता. तो आमच्या पूर्वजांनी पाळला म्हणूनच आज आम्ही हातात लेखणी धरून हे लिहीत आहोत. त्या आदेशात आजही काडीचा बदल करण्याची गरज नाही. कोणाच्याही मुलाने बापाचा धंदा जातीसाठी करू नये.

मग प्रश्न असा की, धंदा सोडला म्हणजे त्या धंद्यातले ज्ञानही फेकून द्यायचे काय? आमच्या मते येथेच आमची गफलत झाली आहे. जात ही सक्ती आहे, कसब ही विद्या आहे. सक्ती लादणाऱ्यांनी आमची विद्या कधी विद्या म्हणून मान्य केली नाही. आता आम्हीही ती मान्य करत नसू, तर आम्ही नकळत त्यांचेच म्हणणे पुढे चालवत आहोत.

साधे सूप घ्या. त्याचे तोंड पसरट, मागची बाजू उभी. पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो आणि जड दाणा मागे राहतो. वारा, वजन आणि उतार यांचा हा हिशेब कोणत्या विद्यापीठात शिकवला गेला? कातडे कमावताना चुन्याने केस सोडवायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे, कोणत्या ऋतूत किती दिवस ठेवायचे हे ओळखायचे, हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे? नागपूर-वऱ्हाड भागातील महार मोठ्या संख्येने जाडेभरडे सुती कापड विणत असत, हे आज आमच्या किती तरुणांना ठाऊक आहे? १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही आणि माग चालवणारे हात गिरणीत मजूर झाले. माग गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु आमचे पूर्वज विणकर होते ही आठवणच पुसली गेली, याचे दुःख आम्हाला आहे.

ही आठवण पुसली जाण्यामागे पुस्तकांचाही हात आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे आहेत. कातडे कमावणारे चांभार आहेत, चाकावर बसलेला कुंभार आहे, बंजारा स्त्रियांचा समूह आहे. चित्राखाली जात लिहिली आहे, माणसाचे नाव नाही. जणू जंगलातील प्राण्याची जात नोंदवावी तशी ही नोंद. ग्रंथ लिहिणाऱ्यांची नावे मात्र मुखपृष्ठावर ठळक आहेत. ज्याच्या हाती लेखणी, त्याचे नाव राहिले. ज्याच्या हाती आरी आणि सुई, त्याची फक्त जात राहिली.

सगळी पुस्तके अशीच असतात असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. एम. पी. रंजन, नीलम अय्यर आणि घनश्याम पंड्या यांचे ईशान्य भारतातील बांबू व वेत कामावरील पुस्तक १९८६ मध्ये आले. त्यात टोपल्यांची नुसती सुंदर छायाचित्रे नाहीत. इंजिनिअरने पुलाचा नकाशा काढावा तशी टोपलीची रेखाटने आहेत. तळ कसा विणला, कड कशी बांधली, चौकोनी तळातून गोल तोंड कसे निघाले, हे त्यात उलगडून दाखवले आहे. आमच्या बाजारात बुरड समाजाची बाई जी डाली चार पैशांसाठी घासाघीस सोसून विकते, तिची अशी रेखाटने एकदा पाहिली की घासाघीस करणाऱ्याची जीभ अडखळली पाहिजे. अदिती रंजन आणि एम. पी. रंजन यांनी २००७ मध्ये संपादित केलेला 'हँडमेड इन इंडिया' हा महाग्रंथ देशभरातील हस्तकला जातीनुसार न मांडता प्रदेशानुसार मांडतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. कला जातीची नसून त्या मातीची आहे, असे म्हणण्याची ही एक रीत आहे. पण जातीचे नाव झाकले म्हणजे जात जात नाही, हेही विसरता येत नाही.

जात न झाकता श्रमाचा सन्मान कसा करावा, हे पाहायचे असेल तर त्याच २००७ सालचे दुसरे पुस्तक पाहावे. कांचा इलैया यांचे 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड'. नवयान या प्रकाशनाने काढलेले हे पुस्तक मुलांसाठी आहे. आदिवासी, गुरे पाळणारे, कातडी काम करणारे, शेतकरी, कुंभार, विणकर, धोबी, न्हावी यांनी जगाला कोणते ज्ञान दिले, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले आहे. चित्रे काढली आहेत दुर्गाबाई व्याम या परधान गोंड चित्रकर्तीने. श्रमाचे पुस्तक आणि त्याची चित्रेही श्रमिकाच्याच हातची! याच दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी पुढे २०११ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरील 'भीमायन' चितारले. त्यात प्रेमाने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत आणि जातीचे विष ओकणारे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. ही कल्पना घराच्या भिंतीवर दिगना काढणाऱ्या परंपरेतून आली आहे. मुखपृष्ठावर व्याम दांपत्याचे नाव आहे. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. नाव लिहिले गेले म्हणजे काय घडते, याचा हा पुरावा.

आणि सर्वांत मोठे उदाहरण तर आमच्या घरचेच आहे. भारतीय संविधानाची मूळ प्रत हे हाताने लिहिलेले, हाताने सजवलेले सचित्र पुस्तक आहे, हे आम्ही किती जणांनी लक्षात घेतले? इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी यांनी पाने सजवली. उद्देशिकेचे पान जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंह यांनी नटवले आणि त्यावर आपली छोटी सही ठेवली. मोहेंजोदडोची मुद्रा, तथागत बुद्ध, धम्माचा प्रसार करणारा सम्राट अशोक ही चित्रे त्या प्रतीत आहेत. रायजादा यांची हकीगत प्रसिद्ध आहे. त्यांनी मानधन नाकारले आणि एवढेच मागितले की, प्रत्येक पानावर आपले नाव असावे आणि शेवटच्या पानावर आजोबांचेही. पिढ्यान्‌पिढ्या लेखणी हाती असलेल्या घरातील माणसाला नावाची किंमत बरोबर कळली होती. ती आम्हाला केव्हा कळणार?

नाव नसले की काय होते, हे जून २०२५ मध्ये सगळ्या जगाने पाहिले. इटलीतील प्राडा या बड्या कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल आपली म्हणून मिरवली. ओरड झाल्यावर कंपनीला त्या चपलेचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, तिची नोंद होती, म्हणून भांडता तरी आले. तांड्यातील टाक्याची, आमच्या भागातील डालीची, दोराची नोंद कोठे आहे? उद्या ती कोणी उचलली तर आम्ही कोणता कागद दाखवणार आहोत?

पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु काचेच्या आत वस्तू आणि काचेच्या बाहेर बेनाव माणूस, असे आमच्या कोणत्याही वारशाचे होऊ नये. ते काम सरकार करील म्हणून वाट पाहत बसणे आमच्या चळवळीच्या स्वभावात नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. प्रत्येक विहाराच्या वाचनालयात हस्तकलेची दोन-चार तरी चांगली सचित्र पुस्तके असावीत. ती महाग असतात, म्हणून वर्गणी काढून घ्यावीत. ती मुलांसमोर उघडावीत आणि म्हाताऱ्यांसमोरही, कारण चित्र वाचायला अक्षरओळख लागत नाही. याडीने ते सिद्ध केले आहे. वस्तूच्या सौंदर्याचा मोकळ्या मनाने आनंद घ्यावा. सौंदर्य ही प्रस्थापितांची मक्तेदारी नाही. मग प्रत्येक चित्राखाली याडीचा प्रश्न विचारावा की, हे कोणी केले, तिचे नाव काय, तिला काय मिळाले?

आणि जेथे उत्तर नाही, तेथे आपण ते लिहावे. आज प्रत्येक तरुणाच्या हातात कॅमेरा असलेला मोबाइल आहे. सुटीत दहा मुलांनी दहा घरांत जावे. वस्तूचे चित्र, ती करण्याची रीत, तिच्या भागांची आपल्या बोलीतील नावे आणि करणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, वय त्यांच्या संमतीने वहीत उतरवावे. मंगरूळपीर तालुक्याची अशी एक वही झाली तरी ती लंडनच्या ग्रंथाइतकीच मोलाची ठरेल. वही लिहिणाऱ्या मुलाने टोपली विणावी असे आम्ही म्हणत नाही. त्याने डिझायनर व्हावे, रसायनशास्त्रज्ञ व्हावे, प्रकाशक व्हावे. पण आपली आजी अडाणी नव्हती, एवढे त्याला पुराव्यानिशी माहीत असावे.

त्या दिवशी विहारातून निघताना विद्यार्थ्याने याडीला तिचे नाव विचारले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. मघाशी रागावलेले जुने कार्यकर्ते ते पाहत उभे होते. थोड्या वेळाने ते जवळ आले आणि म्हणाले, "माही माय सूत काढे, भाऊ. लिहून घ्या तिचं बी नाव."

दोन नावे झाली आहेत. बाकीची आपण सर्वांनी मिळून लिहायची आहेत.

जयभीम!